तिकिटावरचं 'मार्गे'

(1985च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'परदेशातील माझी वाटचाल'. वाटचाल सांगण्यासारखी फारशी नाही. नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, थंडीला शिव्या घातल्या. त्याऐवजी मी एका रेल्वे तिकिटाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत आपली शाळा आहे, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मराठीच्या बाई आहेत. बाईंना हे ठाऊक नाही. त्यामुळे बाई, शेवटपर्यंत बसा.

आपण शाळेत होतो तेव्हा आपल्याकडं रेल्वे नव्हती, हे आता मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998च्या जानेवारीत. आपली सगळी भिस्त एसटीवर. आणि एसटीच्या पाटीवर सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुठला? 'मार्गे'. सावंतवाडी–कोल्हापूर, आंबोलीमार्गे. सावंतवाडी–कोल्हापूर, राधानगरीमार्गे. गाव तेच, पण घाट वेगळा, टप्पे वेगळे आणि भाडंही वेगळं. सुट्टीत मामाकडं जाताना आई मला पुढं पिटाळायची, "पाटी नीट वाच रे!" आंबोलीमार्गेच्या गाडीऐवजी दुसऱ्या गाडीत बसलो तर आजऱ्याचा मामा स्टँडवर वाट बघत बसणार. एवढी अक्कल आपल्याला चौथीत होती. ती मला त्रेपन्नाव्या वर्षी राहिली नाही, त्याची ही गोष्ट.

2023च्या जुलै महिन्यात माझ्या मुलीचा पदवीदान समारंभ होता. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या एका शहरात तिचं विद्यापीठ. नातीला काळा झगा घातलेला बघायचा म्हणून आई इथून आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेली. आम्ही राहतो लंडनच्या कडेला. माझी बायको आदल्या दिवशीच मुलीकडं गेली होती. मी आणि आई सकाळच्या गाडीनं जाणार होतो.

आता तिथल्या तिकिटांची थोडी माहिती द्यायला हवी. इंग्लंडात बऱ्याच शहरांना जायला दोन-दोन रेल्वेमार्ग आहेत. उदाहरण द्यायचं तर लंडनहून एक्सेटरला तुम्ही पॅडिंग्टन स्टेशनवरून वेगवान गाडीनं जाऊ शकता, किंवा वॉटर्लूहून सॉल्सबरीमार्गे गावागावांत थांबत, रमतगमत जाऊ शकता. दोन्ही वाटांचं तिकीट नेहमी सारखंच असतं असं नाही. म्हणून तिकिटावर मार्ग छापतात. 'एनी पर्मिटेड' असं छापलं असेल तर परवानगी असलेल्या कुठल्याही मार्गानं जा. एखाद्या गावाचं नाव छापलं असेल तर त्या गावावरूनच जा. 'नॉट व्हाया लंडन' असेल तर लंडनला शिवायचं नाही. थोडक्यात, तीही 'मार्गे'चीच पाटी. फक्त ती बसच्या कपाळावर नसते, तिकिटावर बारीक अक्षरात असते.

मी आदल्या रात्री दोन तिकिटं काढली. संथ मार्गाची, कारण ती स्वस्त होती. कोकणातला माणूस कुठंही गेला तरी आधी स्वस्त तिकीट बघतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

सकाळी आईचे गुडघे, आईची पूजा, आईची डब्यात घ्यायची थालीपिठं, यात आमची ठरलेली गाडी चुकली. पुढच्या संथ गाडीनं गेलो असतो तर समारंभाला उशीर झाला असता. मी मोबाइलवर बघितलं. दुसऱ्या मोठ्या स्टेशनवरून वेगवान गाडी होती आणि ती वेळेत पोचत होती. मी आईला टॅक्सीत घातलं, तिकडं गेलो, आणि गाडीत बसलो. तिकीट त्याच शहराचं आहे, पैसे भरलेले आहेत, तारीख आजची आहे, एवढंच माझ्या डोक्यात. तिकिटावर छापलेलं गावाचं नाव मी वाचलंच नाही. स्टेशनच्या फाटकाशी गर्दी होती, रुंद दार उघडं होतं, कुणी अडवलं नाही.

अर्ध्या तासानं तिकीट तपासनीस आले. त्यांनी आमची तिकिटं बघितली आणि शांतपणे म्हणाले, ही या मार्गाला चालत नाहीत. मी म्हटलं, असं कसं, शहर तर तेच आहे. ते म्हणाले, मार्ग तो नाही. माझा आवाज चढला. आजूबाजूच्या लोकांनी वर्तमानपत्रं खाली केली. त्यांनी यंत्र काढलं, माझं नाव-पत्ता विचारला, मग आईचं नाव विचारलं. दोन कागद निघाले. प्रत्येकी 100 पौंड 'पेनल्टी फेअर', आणि त्यावर त्या प्रवासाचं एकेरी भाडं. एकवीस दिवसांत भरलं तर शंभराचे पन्नास.

पूर्वी ही रक्कम 20 पौंड किंवा एकेरी भाड्याच्या दुप्पट, यांतली जी जास्त असेल ती असायची. 2023च्या जानेवारीपासून ती 100 झाली. आम्हाला वाढीव दराचा लाभ मिळाला.

मंडळी, पैशाचं दुःख होतंच. पण खरं दुःख वेगळं होतं. इंग्लंड देशात माझ्या आईच्या नावानं निघालेला पहिला कागद हा दंडाचा होता. तिनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला. इंग्रजी तिला येत नाही, पण आपलं नाव आणि समोरचा आकडा तिला कळला. जन्मभर एसटीत अर्ध्या तिकिटाच्या पोराचं वयसुद्धा खरं सांगणारी बाई ती. मला आठवतंय, मी बारा वर्षांचा झालो त्याच महिन्यात तिनं कंडक्टरला आपणहून माझं पूर्ण तिकीट मागितलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे आपण बिनतिकीट, असा झाला?"

मी म्हटलं, नाही गं, तसं नाही. पण तसं नाही तर कसं, हे मला सांगता येईना.

समारंभाला आम्ही वेळेत पोचलो. नातीनं झगा घातला, टोपी घातली, फोटो झाले. फोटोत सगळे हसताहेत, आईनं मात्र पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आहे. त्या पर्समध्ये तो कागद होता. टाळ्या चालू असताना तिनं मला दोनदा विचारलं, "पोलीस येतीत काय रे? पुन्ना व्हिसा देतीत मां?"

रात्री घरी येऊन मी माहिती काढली. पेनल्टी फेअर म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. तो एक जादा आकार आहे. फसवणुकीचा खटला ही वेगळी गोष्ट, ती कोर्टात चालते. हे आईला समजावलं, तेव्हा तिला झोप लागली. मला लागली नाही, कारण मला राग आला होता.

त्या रागातच मी अपील लिहिलं. अपिलाची सोय कायद्यात आहे. पेनल्टी फेअरचे 2018चे नियम आहेत, त्यात तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिलं अपील एकवीस दिवसांत. ते फेटाळलं तर चौदा दिवसांत दुसरं. तेही फेटाळलं तर पुन्हा चौदा दिवसांत तिसरं आणि शेवटचं. आणि अपील ऐकणारी संस्था रेल्वे कंपनीपासून स्वतंत्र असावी लागते. एवढी चांगली सोय असताना मी काय लिहिलं? मी लिहिलं की मी या देशात एवढी वर्षं कर भरतो आहे. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्या मुलीचा आयुष्यातला मोठा दिवस होता. तपासनिसांना माणुसकी नव्हती. आम्ही पैसे भरून तिकीट काढलं होतं, त्याच शहराचं काढलं होतं, आणि म्हणून आमचं तिकीट बरोबरच होतं. दोन पानं झाली. आईच्या नावाचं अपीलही मीच लिहिलं, मजकूर तोच.

काही दिवसांनी उत्तर आलं. चारच ओळी होत्या. तिकिटावर छापलेला मार्ग आणि प्रवासाचा मार्ग वेगळा होता, त्यामुळं तिकीट वैध नव्हतं, अपील फेटाळलं आहे. आईच्याही नावानं तसंच.

ऑफिसातल्या मित्रांनी सल्ला दिला, पन्नास-पन्नास भर आणि मोकळा हो, वेळेची किंमत धर. हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. मी भरायलाच बसलो होतो. कार्डाचा नंबर टाकत होतो. आई समोर भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "त्या तिकिटार काय लिवलेला आसा, ता वाचलंस काय तू?"

मी म्हटलं, वाचलं. गावाचं नाव आहे. म्हणजे त्या गावावरून जायचं होतं.

"मगे चूक आपलीच मां?"

मी म्हटलं, हो.

"चूक आपली, तर चुकीएवढे पैसे भर. पण त्येंका इचार, ह्या चुकीक दंड कितको."

बघा, मी पदवीधर, वीस वर्षं तिथं राहिलेला. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी एवढे दिवस 'मी बरोबर' एवढंच सिद्ध करत होतो. मी बरोबर नव्हतोच. प्रश्न असा होता की मी जी चूक केली, त्या चुकीला नियमात शिक्षा काय आहे?

मग मी प्रवासाच्या अटींचं पुस्तक उघडलं. तिथल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांना लागू असणाऱ्या अटी आहेत, 'नॅशनल रेल कंडिशन्स ऑफ ट्रॅव्हल'. सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत, मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा उघडल्या. त्यात स्पष्ट लिहिलेलं सापडलं. प्रवाशाकडं योग्य तारखेचं तिकीट आहे, पण ते चुकीच्या वेळी वापरलं, किंवा तिकिटाला न चालणाऱ्या मार्गानं तो गेला, तर त्याच्याकडून फरक घ्यायचा. म्हणजे भरलेलं भाडं आणि त्या गाडीला चालणाऱ्या तिकिटाचं भाडं, यातला फरक. आगाऊ काढलेली, एकाच गाडीला बांधलेली स्वस्त तिकिटं असतात, त्यांचं गणित वेगळं आहे. आमची तिकिटं तसली नव्हती. आमची साधी ऑफ-पीक तिकिटं होती.

बिनतिकीट असणं वेगळं आणि तिकीट असून वाट चुकणं वेगळं. तो फरक नियमानंही केला होता. आईनं गाडीत मला जे विचारलं होतं, "आपण बिनतिकीट काय?", त्याचं उत्तर त्या पुस्तकात छापलेलं होतं.

मग दुसरं अपील लिहायला बसलो, आणि इथं बाई येतात.

नववीत बाईंनी आपल्याला पत्रलेखन शिकवलं होतं. विषय फळ्यावर होता: शाळेच्या वेळेची एसटी रोज उशिरा येते, आगारप्रमुखांना तक्रारपत्र लिहा. माझ्या वाडीतून येणारी गाडी खरोखरच रोज उशिरा यायची, त्यामुळं मी जीव ओतून लिहिलं. आगारप्रमुखांना माणुसकी आहे का, असंही विचारलं होतं. मला पाचांपैकी दोन गुण मिळाले. खाली लाल शाईत बाईंनी लिहिलं होतं, "राग कळला. मागणी कळली नाही."

मी तेव्हा खूप चिडलो होतो. मागच्या बाकावरच्या मंडळींनी ते वाक्य वर्षभर मला चिडवायला वापरलं. त्यातले तिघं आज समोर बसून हसताहेत. पण चाळीस वर्षांनी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मला ती लाल शाई दिसली. माझं पहिलं अपील म्हणजे तेच नववीतलं पत्र होतं. फक्त इंग्रजीत.

नंतर बाईंनी फळ्यावर पत्राचा सांगाडा काढून दिला होता. विषय. संदर्भ. काय घडलं ते तारीख-वेळेसह. नियम काय आहे. मला काय हवं आहे. सोबत काय जोडलं आहे. आपला विश्वासू. त्याच सांगाड्यावर मी दुसरं अपील बसवलं. ते मराठीत सांगतो, कारण ते मुळात मराठीतच सुचलं होतं.

विषय: पेनल्टी फेअर रद्द करून भाड्यातील फरक आकारण्याबाबत. संदर्भ: नोटीस क्रमांक. मग लिहिलं: आमची तिकिटं संथ मार्गाची होती. आम्ही वेगवान मार्गाच्या गाडीनं प्रवास केला. छापलेला मार्ग मी वाचला नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो. तिकिटं त्याच दिवसाची, त्याच शहराची आणि पूर्ण भाडं भरलेली होती. प्रवासाच्या अटींनुसार अशा चुकीला फरकाची रक्कम आकारायची असते. तपासनिसांनी तो फरक मागितला असता तर मी तिथंच भरला असता. कृपया पेनल्टी फेअर रद्द करावी आणि फरक कळवावा, तो मी लगेच भरतो. सोबत दोन्ही तिकिटांच्या प्रती, दोन्ही नोटिसांच्या प्रती, आणि अटींमधील संबंधित मजकूर.

बस. एक पानही भरलं नाही. त्यात आईचं वय नव्हतं, माझा कर नव्हता, नातीची टोपी नव्हती. तपासनिसांबद्दल एक शब्द नव्हता. खरं सांगायचं तर त्या माणसाचा आवाज एकदाही चढला नव्हता, चढला होता तो माझा. आईच्या नावाचं अपील वेगळं केलं. पाठवण्याआधी तिला मराठीत वाचून दाखवलं. 'माझी चूक मान्य करतो' हे वाक्य आलं तेव्हा तिनं मान हलवली. म्हणाली, "आता बरा झाला."

मग वाट बघणं. आईचं परतीचं तिकीट ऑगस्टच्या शेवटचं. तिची एकच इच्छा, की आपण जायच्या आधी हे मिटावं, नावावर काही मागं राहू नये. रोज सकाळी दारात पत्रं पडली की ती उठून आणायची. वाचता यायचं नाही, पण पाकिटावरचं स्वतःचं नाव ती बरोबर ओळखायची. उत्तर ईमेलवर येणार, हे मी तिला सांगितलं होतं. तरी ती उठायचीच.

उत्तर ईमेलवरच आलं. तेही चार ओळींचं. अपील मान्य. दोन्ही पेनल्टी फेअर रद्द. भाड्यातील फरक माणशी 19 पौंड, दोघांचे मिळून 38, तेवढे भरावेत. मी त्याच मिनिटाला भरले. आईच्या 19 पौंडांचे रुपये तिनं मला हिशेब करून दिले, आणि मी नको म्हटल्यावर ती रागावली. म्हणाली, "दंड माझ्या नावार होतो, मगे फरक पण माझोच." मी पैसे घेतले.

ते पत्र मी छापून तिला दिलं. ती घेऊन आली. आज गुडघ्यांमुळं ती इथं येऊ शकली नाही, पण परवा घरी बघितलं तर रेशनकार्ड, जमिनीचा सातबारा आणि बाबांचा पेन्शनचा कागद जिथं ठेवलेला असतो त्या प्लास्टिकच्या पिशवीत ते पत्र आहे. घडी घालून. कुणी विचारलं तर दाखवते आणि सांगते, "इंग्लंडात माझ्यार केस झाली होती. जिकलंय."

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता बाहेर आहेत. कुणाची पुण्यात, कुणाची मँचेस्टरात. त्यांना दंडाच्या नोटिसा येणारच, रेल्वेच्या, पार्किंगच्या, कसल्याही. त्यांना माझ्या फजितीतून तीन-चार गोष्टी सांगा. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका, तिच्यावरची मुदत आधी बघा. तिकीट फेकू नका, तोच तुमचा पुरावा. अपील एकदा फेटाळलं म्हणजे संपलं असं नाही, पुढच्या पायऱ्या असतात. आणि लिहायच्या आधी स्वतःला विचारा, माझी चूक झाली आहे का? झाली असेल तर ती पहिल्या परिच्छेदात लिहून टाका. मी ती लपवत होतो तोवर समोरच्याला माझी चूकच दिसत होती. मी ती मांडली, तेव्हा त्याला पुढचं वाचायला सवड मिळाली.

अपील म्हणजे भीक नव्हे आणि भांडणही नव्हे. नियम लिहिणाऱ्यानं आपल्यासाठीही दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या शोधायच्या आणि नम्रपणे त्याच्यासमोर ठेवायच्या.

भाषण संपवतो. बाई, नववीतल्या त्या पत्राला तुम्ही दोन गुण दिलेत. मी अजून म्हणतो की एसटी खरोखरच उशिरा यायची. पण दुसरं पत्र मी सोबत आणलं आहे, त्याचा मराठी तर्जुमा करून. कार्यक्रमानंतर तुमच्याकडं देतो. लाल पेनही आणलं आहे. पाचांपैकी किती, ते सांगा.